हाताची घडी

“…आणि तिची आई काय म्हणाली?”

ऋजुता थांबली. इतकं सगळं सांगून झाल्यावर हा प्रश्न येईल असं तिला वाटलं नव्हतं.

“आई?”

“शेवंतीची आई. कलावती.”

“तिच्याशी अजून बोलणं झालं नाही, बाय. ती मुलीला फाटकापाशी सोडते आणि निघून जाते. वर बघतसुद्धा नाही.”

सगुणाबाय सुपात तांदूळ निवडत होती. तिच्या डोळ्यांवर काळा चष्मा होता. मोतीबिंदू काढायला ती बहिणीकडे गेली होती, ती तीन आठवड्यांनी आज परतली होती.

कांदळवाडी हे खाडीच्या काठचं गाव. तिथली बालवाडी सगुणाबायने छत्तीस वर्षं चालवली होती. आता गुडघे साथ देत नव्हते, म्हणून तालुक्याच्या महिला मंडळाने पुण्याहून नवी शिक्षिका पाठवली. ऋजुता सबनीस. बालशिक्षणाच्या पदविकेत वर्गात पहिली. वय तेवीस.

हे तीन आठवडे तिने बालवाडी एकटीने सांभाळली होती, आणि चांगली सांभाळली होती. एकतीस मुलांची एकतीस पानं तिच्या वहीत होती. कोण किती आकडे म्हणतो, कोणाला रंग ओळखता येतात, कोण डबा सांडतो… सगळं.

फक्त एक पान कोरं होतं.

“एक शब्द बोलत नाही,” ऋजुता पुन्हा म्हणाली. “चार वर्षांची झाली, बाय. ऐकू येतं तिला, घंटा वाजली की सगळ्यांच्या आधी उठते. पण तोंड उघडत नाही. हात मात्र सारखे चालू. दुसऱ्यांच्या तोंडासमोर हात नाचवते, मुलं घाबरतात. मग मी तिला हाताची घडी घालायला लावते.”

“मग?”

“मग शांत बसते. पण मान खाली घालते ती वर करत नाही.”

“किती दिवस घालतेय घडी?”

“दहा-बारा.”

सुपातला हात थांबला.

…

“मी मंडळाच्या मुळ्ये मॅडमना पत्र लिहिलंय,” ऋजुता म्हणाली. “जिल्ह्याला अशा मुलांची वेगळी शाळा आहे. तिथेच राहायचं, तिथेच शिकायचं. मॅडम पुढच्या गुरुवारी पालकसभेला येतील. आईची संमती मिळाली की झालं. तिच्या भल्यासाठीच आहे हे.”

सगुणाबायने सूप बाजूला ठेवलं.

“दोन गोष्टी कर. उद्यापासून त्या पोरीचे हात मोकळे ठेव.”

“का?”

“ठेव. आणि दुपारी कलावतीकडे जा. शिकून ये.”

“शिकवून येऊ?”

“मी काय बोलले ते ऐकलंस तू.”

ऋजुताला हसू आलं. ते तिने आवरलं.

“बाय, ती किती शिकलेली आहे?”

“शाळेची पायरी चढलेली नाही.”

दुसऱ्या दिवशी ऋजुताने घडी घालायला सांगितलं नाही, तरी शेवंतीने ती आपणहून घातली. दुपारी ऋजुता कलावतीकडे गेली.

कलावतीचं घर वस्तीच्या शेवटी, खाडीच्या बांधावर. शेजार नाही. नवरा दामोदर मासेमारीच्या बोटीवर. पावसाळ्यात बोटी बंद असल्या की घरी, एरवी महिन्यातून दोन दिवस.

कलावती अंगणात बसून नारळाच्या झावळ्यांचे झाप विणत होती. ऋजुताने मागून नमस्कार केला. तिने मान वळवली नाही. ऋजुता खाकरली. तरी नाही.

किती हा उद्धटपणा, असं तिच्या मनात आलं. ती पुढे जाऊन उभी राहिली.

कलावती दचकली. लगबगीने झाप खाली ठेवला, हात पदराला पुसले, आतून पाट आणून मांडला.

ऋजुता पाटावर बसली आणि वही उघडून बोलू लागली. मुलांशी घरात बोलावं कसं. गाणी म्हणावीत. गोष्टी सांगाव्यात. चार वर्षांच्या मुलीला साधारण किती शब्द यायला हवेत… कलावती तिच्या ओठांकडे टक लावून बघत राहिली. मधून मधून मान हलवली. एकदा हसली.

मध्येच तिने एक विचित्र खूण केली. स्वतःच्या गळ्याला बोट लावलं, मग कानाला, आणि मग उघडा तळवा ऋजुतापुढे धरला.

ऋजुताला काही कळलं नाही. ती पुढचं पान वाचू लागली.

कलावतीने पुन्हा तीच खूण केली. गळा. कान. उघडा तळवा.

तेव्हा कुठे ऋजुता बोलायची थांबली.

संध्याकाळी ती बालवाडीत आली ती तणतणतच.

“बाय, त्या बाईला ऐकू येत नाही! बोलताही येत नाही!”

“हो.”

“तुम्हाला ठाऊक होतं?”

“सगळ्या गावाला ठाऊक आहे.”

“मग मला सांगितलं का नाही? अर्धा तास बडबडले मी तिच्यापुढे.”

“अर्धा तास,” सगुणाबाय म्हणाली. “आणि तू काय ऐकलंस?”

“जी बोलतच नाही तिचं मी काय ऐकणार, बाय?”



ऋजुताला आपलंच वाक्य ऐकू आलं. बोलत नाही. पत्रात हेच लिहिलं होतं तिने. याच शब्दांत.

…

“उद्या पुन्हा जा,” सगुणाबाय म्हणाली. “वही इथे ठेव.”

“वही नाही, बोलणं नाही. तिथे जाऊन करू काय?”

“बस.”

तिसऱ्या दिवशी ऋजुता रिकाम्या हाताने गेली. या वेळी समोरून गेली. कलावतीने पाट आणला, पण ऋजुता पाटावर बसली नाही. तिच्या शेजारी जमिनीवर बसली.



थोड्या वेळाने कलावतीने अर्धा विणलेला झाप तिच्या पुढ्यात सारला. ऋजुताने पातं उचललं, खालून घातलं, वरून काढलं. चुकलं. पुन्हा घातलं. पुन्हा चुकलं. कलावती हसली, घशातून फुटलेलं, मोकळं, जरासं बेसूर हसू. मग तिने ऋजुताची बोटं आपल्या बोटांत धरली आणि वळवून दाखवलं. एक सोडून एक.

चौथ्या ओळीला जमलं.

एक गोष्ट ऋजुताच्या ध्यानात आली. विणत असली की कलावती गप्प असते. काही सांगायचं झालं की आधी झाप खाली ठेवते. काल आपण दिसताक्षणी तिने हातातलं काम टाकलं होतं… म्हणजे आपल्याशी बोलायला ती तयार होऊन बसली होती.

इतक्यात शेवंती झोपेतून उठून दारात आली.

तिने ताईंना बघितलं, आणि जागच्या जागी मांडी घालून बसली. हाताची घडी घातली. तोंडावर बोट ठेवलं. मान खाली.

स्वतःच्या घरात. स्वतःच्या आईसमोर.

कलावतीने मुलीला हातांनी काहीतरी विचारलं. उत्तर आलं नाही. तिने पुढे होऊन मुलीचे दंड धरले, घडी सोडवायला बघितली. शेवंतीने हात आणखी घट्ट आवळले. ताई बघत होत्या ना.

कलावतीने वळून ऋजुताकडे पाहिलं. तिच्या नजरेत राग नव्हता. तिला खरोखरच कळत नव्हतं, माझी बोलकी पोर अशी एकदम गप्प का झाली.

ऋजुताला मात्र कळलं. सगळंच कळलं. ही पोर पहिल्या दिवसापासून माझ्या वर्गात बोलत होती. बारा दिवस मीच तिचं तोंड बांधून ठेवलं होतं.

“शेवंती, माझं चुकलं गं,” ती म्हणाली. पण हे फक्त मुलीला ऐकू गेलं. आईला ते कसं सांगायचं?

तिने गुडघे टेकले. शेवंतीसारखीच हाताची घडी घातली. मग ती सोडली, हात दोन्ही बाजूंना फाकवले, आणि स्वतःचे दोन्ही कान पकडले.

पुण्याची, वर्गात पहिली आलेली ऋजुता सबनीस, एका चार वर्षांच्या मुलीपुढे कान पकडून बसली होती.

शेवंतीने डोळे वर केले. आईकडे पाहिलं. पुन्हा ताईंकडे.

मग तिची घडी सुटली.

आणि हात चालू झाले. किती भरभर! बालवाडीतला सगळा दिवस तिने आईपुढे मांडला. कोण घसरून पडलं, कोणाच्या नाकाला शेंबूड होता, कोणी कोणाचा लाडू पळवला. मध्येच तिने नाकावरचा नसलेला चष्मा वर सरकवला, नसलेल्या वहीत खरडलं आणि कपाळाला आठ्या घातल्या. कलावतीने तोंडाला पदर लावला.

ऋजुताने आपला चष्मा चाचपला. ही नक्कल आज पहिली नव्हती, एवढं तिला समजलं.

हसू ओसरलं तेव्हा कलावतीने झाप दूर सारला. गळ्याला बोट लावलं. कानाला लावलं. तळवा पुढे केला.

“शेवंती, आई काय विचारते?”

शेवंती तोंडाने बोलली नाही. तिने स्वतःकडे बोट दाखवलं. तोंड उघडून ओठांपासून बोटं दूर नेली, जणू आतून काहीतरी बाहेर पडतंय. मग आईच्या मागे जाऊन तिचे दोन्ही कान आपल्या हातांनी झाकले. आणि हनुवटीने ऋजुताकडे खूण केली.

माझ्या मुलीचा आवाज कसा आहे? मला ऐकू येत नाही. तुम्ही ऐकता. तुम्ही सांगा.



तीन आठवडे ही मुलगी ऋजुताच्या वर्गात बसत होती. तिचा आवाज तिने एकदाही ऐकला नव्हता.

“आज काय ऐकलंस?” सगुणाबायने संध्याकाळी विचारलं.

“एक प्रश्न.”

ऋजुताने सगळं सांगितलं. घडीचंही सांगितलं.  शेवटी ऋजुताने ती खूण करून दाखवली. गळा. कान. तळवा.

सगुणाबायने काळा चष्मा काढला.

“मलाही विचारायची ती,” ती सावकाश म्हणाली. “दोन वर्षं विचारतेय. मला वाटायचं, घसा दुखतोय. मी तिला आलं-मध दिलं…”



“दामोदरला विचारलं असेल की तिने,” ऋजुता म्हणाली.

“विचारलं असेल. तो अंगठा दाखवणार. चांगला आहे म्हणून. तेवढ्याने आईचं भागतं होय?” सगुणाबायने चष्मा पुन्हा चढवला. “तू काय उत्तर दिलंस?”

“माझ्याकडे उत्तर नव्हतं.”

“छान,” सगुणाबाय म्हणाली. “आल्यापासून पहिल्यांदाच तुझ्याकडे काहीतरी नाही.”

त्यानंतर ऋजुता रोज दुपारी बांधावर जाऊ लागली.

झाप विणता विणता तिला शब्द मिळू लागले. दोर ओढला की दामोदर. गुडघ्यावर थाप मारली की सगुणाबाय. बोटं पोटापाशी उडवली की भूक. दोन्ही तळवे खालून वर, हळूहळू, भरून येत… म्हणजे भरती. खाडी भरली की कलावती ही खूण करायची आणि तिचा चेहराही तसाच भरून यायचा. दामोदरची बोट भरतीच्या पाण्यावरच आत येत असे.

बालवाडीत ऋजुताने शेवंतीला पुढे बसवलं. “आज शेवंती आपल्याला शिकवणार,” ती मुलांना म्हणाली. पहिल्या दिवशी पाण्याची खूण. दुसऱ्या दिवशी माशाची. चौथ्या दिवसापर्यंत एकतीस मुलं एकमेकांशी हातांनी भांडू लागली.

शेवंतीची मान आता वर असायची. तोंड मात्र अजून बंदच होतं.

“बोलायला लावू का तिला?” ऋजुताने विचारलं.

“तिला काही सांगायचं आहे का तोंडाने?”

“अजून नसेल.”

“मग घाई कोणाला आहे?”

ऋजुताने मुळ्ये मॅडमना दुसरं पत्र धाडलं. पहिलं पत्र मागे घेते, चूक माझी आहे. उत्तर आलं नाही. सभेच्या आदल्या दिवशी मात्र निरोप आला, मॅडम संमतीचा कागद घेऊन येताहेत. मुलगी आणि आई, दोघींना हजर ठेवा.

“बाय, त्यांनी दुसरं पत्र वाचलंच नसेल तर?”

“तर तू तोंडाने सांग.”

“आणि त्यांनी ऐकलं नाही तर?”

 सगुणाबाय सतरंज्या झटकायला उठली. गुडघे कुरकुरले, पण उठली.

गुरुवारी दुपारी बालवाडी भरून गेली.

मुळ्ये मॅडम खुर्चीवर बसल्या. बाकी सगळे सतरंजीवर. बोटीवरून आलेले बाप, मासळी विकून आलेल्या आया, मांडीवर पोरं. कलावती सगळ्यांच्या मागे, दाराला टेकून. ती सभेला पहिल्यांदाच आली होती. ऋजुता स्वतः बांधावर जाऊन तिला हाताने बोलावून घेऊन आली होती. लांबच्या शाळेचंही तिने हातांनीच सांगितलं होतं.

मॅडमनी कागद काढला.

“शेवंती दामोदर भोईर. संवाद नाही, भाषा नाही. तुमचंच पत्र आहे ना हे?”

“हो,” ऋजुता उभी राहिली. “मीच लिहिलंय. आणि ते चुकीचं आहे. या मुलीला भाषा आहे. मला ती येत नव्हती.”

सभेत कुजबुज झाली.

“दुसरं पत्र वाचलं मी,” मॅडम म्हणाल्या. “पण पंधरा दिवसांत मत बदललं, असं मी वर कळवू का? मूल बोलतं का, एवढं सांगा.”

“हातांनी बोलते.”

“तोंडाने?”

ऋजुताने शेवंतीकडे पाहिलं.

तेवढ्यात पुढे बसलेला रघुनाथ मोरे उठला. त्याच्या दोन बोटी होत्या आणि गावात शब्दाला वजन होतं.

“मॅडम, आता विषय निघालाच आहे तर माझंही ऐका. आमचा भार्गव चांगला बोलत होता. आता घरी हातवारे करतोय. भात मागायलासुद्धा तोंड उघडत नाही. बालवाडीत पोरं बोलकी करायला धाडतो आम्ही, मुकी करायला नाही!”

दोन-तीन माना हलल्या. ऋजुताचं उत्तर तयार होतं. मेंदूचा विकास, हातांचं आणि भाषेचं नातं… सगळं जिभेवर आलं.

कोपऱ्यात सगुणाबाय नुसती तिच्याकडे बघत होती.

ऋजुताने ते उत्तर गिळलं.

“भार्गव कसे हातवारे करतो, काका?” तिने विचारलं. “करून दाखवा ना. मला बघायचंय.”

रघुनाथ गडबडला. आजूबाजूला बघितलं. मग ओशाळं हसत त्याने पाचही बोटं तोंडाकडे नेली, आणि बोटं पोटापाशी उडवली.

दाराशी मोठ्याने हसण्याचा आवाज झाला.

सगळ्यांनी मागे वळून पाहिलं. कलावती हसत होती. तिला समजलं होतं! भरल्या सभेत, इतक्या लांबून, गावातला एक मोठा माणूस काहीतरी म्हणाला होता, आणि ते तिला समजलं होतं.

ती उभी राहिली आणि रघुनाथला उत्तर देऊ लागली. तिचे हात भरभर हलत होते. सगळे तिच्याकडून ऋजुताकडे बघू लागले.

“त्या म्हणतात…” ऋजुता चाचरली. “तुमचा मुलगा… मासा… उडी… मुलगा पाण्यात पडला…?”

“नाय! तसा नाय!”

आवाज खणखणीत होता. किंचित घोगरा, आणि सबंध खोली भरून टाकणारा.

शेवंती आईच्या पुढ्यात उभी होती. दोन्ही हात कमरेवर.

“ताई चुकली. आय तसा नाय बोलत. आय बोलते, पोराच्या पोटात मासा उडतोय. म्हंजे भूक लागली. त्याला आधी भात वाढा, मग ओरडा!”



मग रघुनाथ मोरेच पहिल्यांदा हसला. पोट धरून हसला. आणि सगळी सभा फुटली.

मुळ्ये मॅडमच्या हातातला कागद तसाच राहिला होता.

“ही… तीच मुलगी?”

पण कलावती अजून बोलत होती. आणि आता शेवंतीला थांबून चालणार नव्हतं. आईचे हात आणि लेकीचा आवाज जोडीने चालू लागले.

“आय बोलते, ती हितं आधी कधी आली नाय. तिला कोनी बोलवलं नाय. हाक मारली तर तिला ऐकू येत नाय. पन कोनी हात केला असता तर ती आली असती.”

आता कोणी हसत नव्हतं. रघुनाथने खाली बघितलं. सगुणाबायनेही.

“आय बोलते, मला धाडू नका लांब. घरात आवाज नाय, म्हणून ती मला हितं धाडते. आवाज ऐकायला.”

शेवंतीने दम घेतला. कलावतीचे हात क्षणभर थांबले. मग तिने ऋजुताकडे बघून गळ्याला बोट लावलं. कानाला लावलं. तळवा पुढे केला.

हे मात्र शेवंतीने बोलून दाखवलं नाही. ती ताईंकडे बघत राहिली.

ऋजुता सतरंजीवरून वाट काढत दारापर्यंत गेली. आता तिने तो आवाज ऐकला होता. पण सांगायचा कसा? गोड, मोठा, चांगला… हे सगळे कानाचे शब्द.

तिने दाराच्या आडोशाला लावलेल्या झापाचं एक सुकं पातं घेतलं आणि त्याची कड कलावतीच्या तळव्यावरून हळूच ओढली. खरखरीत. थोडासा.

कलावतीने मान हलवली. समजलं. पुढे?

ऋजुताने पातं खाली टाकलं. दोन्ही तळवे गुडघ्यांपाशी नेले. आणि सावकाश वर आणले. कमरेपर्यंत. छातीपर्यंत. खांद्यापर्यंत. भरून येत, भरून येत, काठोकाठ.

भरती.

कलावती बघत राहिली.  तिने लेकीकडे बोट केलं… हिचा? इतका?

ऋजुताने पुन्हा केलं. भरती. त्याच्याही वर.

पहिल्या रांगेतल्या भार्गवला ती खूण ठाऊक होती. त्याने आपले हात वर केले. मग त्याच्या शेजारच्या पोरीने. मग सगळ्या पोरांनी. रघुनाथने पोराकडे बघितलं आणि आपले जाळी ओढून रापलेले हात तसेच वर उचलले. बायकांनी उचलले. सगुणाबायने उचलले. बालवाडीची ती एवढीशी खोली हातांनी भरत भरत आढ्यापर्यंत गेली.

कलावतीने लेकीला उचलून कडेवर घेतलं आणि स्वतःचा गाल तिच्या गळ्याला लावला. शेवंती हसत होती, ओरडत होती, “आय, गुदगुल्या! आय, सोड!” आणि आई सोडत नव्हती.

मुळ्ये मॅडमनी चष्मा पुसला. ऋजुताचं पहिलं पत्र तिला परत दिलं.

“यावर तुम्हीच लिहा,” त्या म्हणाल्या.

ऋजुताने लिहिलं, ‘मागे घेतले’. खाली सही केली. ठळक केली.

माणसं पांगली. ऋजुता सतरंज्या गुंडाळत होती. तिचा आनंद तिच्यात मावत नव्हता.

“बाय, मुळ्ये मॅडम काय म्हणाल्या माहितीये? पुढच्या महिन्यात तालुक्याला शिबिर आहे. चाळीस शिक्षिका येणार. पालकांशी बोलावं कसं, यावर मी बोलायचं. मी!”

“बरं झालं.”

“काय सांगू मी तिथे? तुम्हीच सांगा. कुठून सुरुवात करू?”

सगुणाबाय खिडकी लावत होती. बाहेर बांधावरून कलावती आणि शेवंती घरी चालल्या होत्या. शेवंती पुढे उलटी चालत होती, आईकडे तोंड करून. दोघींचे हात चालू होते.

“तू कशाला सांगतेस?” सगुणाबाय म्हणाली. “कलावतीला ने. एकटीला उभी कर.”

ऋजुता थबकली.

“पण बाय… शेवंती नसेल, मी मध्ये बोलणार नसेन, तर तिचं बोलणं त्या चाळीस जणींना समजणार नाही.”

“नाहीच समजणार,” सगुणाबाय म्हणाली. “म्हणून तर ने.”